पातेलं एकच ठेवा, फोडणी शेवटी घाला: शाळेच्या जेवणातल्या वेगवेगळ्या गरजांबद्दल

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावा म्हणून थोडक्यात सांगते. पहिली ते पाचवीची जिल्हा परिषदेची शाळा, पट 62. शुक्रवारी गावच्या वर्गणीतून उकडलेलं अंडं देता. पंधरा मुलं अंडं खात नाहीत, त्यांना केळं देता आणि ती ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसतात. तिसरीतल्या एका मुलाला टाइप-1 मधुमेह निघालाय. त्याच्या वडिलांनी भात बंद करायला सांगितलंय, म्हणून तो घरचा डबा घेऊन वर्गात एकटा जेवतो. एका मुलीला सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आहे आणि तिच्या आईला शाळेच्या तांदळातल्या लोहाची भीती वाटते. एका मुलीला गव्हाची ॲलर्जी असल्याचं तोंडी कळवलंय, कागद काहीच नाही. एक जैन कुटुंब आहे. आणि स्वयंपाकीताई म्हणतात, "एवढ्या तऱ्हा मला नाही जमणार." तुम्ही विचारलंय की कुणाकुणासाठी वेगळं शिजवायचं.

मी आहारतज्ज्ञ आहे. पहिली आठ वर्षं रुग्णालयात काम केलं, त्यानंतरची अकरा शाळांच्या स्वयंपाकघरांत आणि स्वयंपाकी-मदतनीस ताईंच्या प्रशिक्षणात गेली. त्या अनुभवावरून माझं उत्तर असं की कुणासाठीच वेगळं शिजवू नका. स्वयंपाकाचा क्रम थोडा बदला, वाढताना प्रमाण बदला आणि पंगत मोडू नका. ताई म्हणतात ते खरंच आहे. महिना अडीच हजारांच्या मानधनावर दोन बायका 62 मुलांचं शिजवतात, वाढतात, भांडी घासतात. त्यांच्यावर पाच वेगळी पातेली टाकली तर पंधरा दिवसांत सगळं जुन्या वळणावर येईल, आणि मग ज्या मुलाला खरोखर जपायचं होतं त्याचंही राहून जाईल.

आधी एक फरक मनात पक्का करा. काही मुलांना एखादी गोष्ट आवडत नाही, काहींच्या घरी ती चालत नाही आणि काहींना ती बाधते. तिन्हींचा मान ठेवायचा, पण तिन्हींची घाई सारखी नसते. गवार न आवडणाऱ्याला दोन घास कमी वाढले की झालं. अंडं न चालणाऱ्या घरातल्या मुलाला तेवढ्याच मोलाचं दुसरं काही हवं. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाचं जेवण अर्धा तास उशिरा झालं तर मात्र ते त्याच्या जिवावर बेतू शकतं. तुमच्या यादीत हे सगळे एका ओळीत बसलेत, म्हणून डोंगर दिसतोय.

आता स्वयंपाकाचा क्रम. शालेय पोषण आहार योजनेत पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल धरलेलं आहे. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब. सगळी 62 मुलं हजर असतील तर सव्वासहा किलोच्या आत तांदूळ, सव्वा किलो मटकी, तीन किलोवर थोडी भाजी आणि तीनशे ग्रॅमच्या आसपास तेल. बहुतेक शाळांत ताई आधी मोठ्या पातेल्यात तेल तापवतात, कांदा-लसूण-हिंगाची फोडणी करतात आणि त्यातच मटकी आणि पाणी घालून शिजवतात. घरी आपणही तसंच करतो. पण असं केलं की पहिल्या मिनिटालाच कांदा, लसूण, हिंग, तिखट सगळं त्या पातेल्यात गेलेलं असतं, आणि मग नको असलेल्यासाठी दुसरं पातेलं मांडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

मी ताईंना उलटा क्रम शिकवते. मटकी हळद-मीठ घालून नुसती शिजवायची. शिजली की ज्यांना वेगळं हवं त्यांच्यापुरती एका लहान पातेलीत काढून झाकून ठेवायची. मग कढल्यात फोडणी करून मोठ्या पातेल्यात वरून ओतायची आणि पाच मिनिटं रटरटू द्यायची. लहान पातेलीत तेल-जिऱ्याचा एक चमचा घातला की झालं. डाळीचं, उसळीचं, पातळ भाजीचं सगळ्यांचं असंच करता येतं. जैन मुलाला कांदा-लसूण नको, गव्हाच्या मुलीला हिंग नको (का ते पुढे सांगते), पहिलीतल्या दोघा-तिघांना तिखट सोसत नाही. या सगळ्यांचं त्या एका पातेलीत भागतं. एका ताईंनी मला विचारलं होतं, "मॅडम, वरून फोडणी घातली तर चव लागंल का?" त्यांनी करून पाहिलं आणि पुढच्या आठवड्यात स्वतःच सांगितलं की तेलही कमी लागतं आणि मटकी जास्त मोकळी शिजते. बटाटा असेल त्या दिवशी जैन मुलासाठी बटाटा पडण्याआधी काढा. एवढंच लक्षात ठेवावं लागतं.

आता अंडं. राज्यात नोव्हेंबर 2023 पासून आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्यांना केळं किंवा स्थानिक फळ असं सुरू झालं. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबला आणि लोकसहभागावर आलं. तुमच्या गावानं वर्गणी काढून ते चालू ठेवलं याचं मला फार मोल वाटतं. पण केळं ही अंड्याची बदली नाही. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रतीची प्रथिनं असतात, शिवाय बी-12 आणि अ जीवनसत्त्व. केळ्यात प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम. म्हणजे दर शुक्रवारी तुमची पंधरा मुलं पाच ग्रॅम प्रथिनं कमी घेऊन घरी जातात, आणि वर्षाचे शुक्रवार मोजले तर ती तूट लहान नाही. केळं द्यायचं तर द्या, मुलांना आवडतं. पण सोबत मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम फुटाणे द्या, किंवा 25 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, नाहीतर तेवढ्याच दाण्यांची चिक्की. त्यातून सहा ग्रॅमच्या जवळपास प्रथिनं मिळतात आणि खर्च एका अंड्याच्या वर जात नाही. दाण्यांची ॲलर्जी आपल्याकडे कमी दिसते, पण असते. म्हणून सुरू करण्याआधी पालकांना एकदा विचारून घ्या.

बी-12 मात्र फुटाण्यांत नाही. ते दूध, दही, ताकातून येतं, आणि शाळेला पोषणयुक्त (फोर्टिफाइड) तांदूळ येत असेल तर त्यातूनही थोडं येतं. हा धागा महत्त्वाचा आहे. अशा तांदळात शंभर दाण्यांमागे एक दाणा पोषणमूल्यं मिसळून बनवलेला असतो. त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 असतं. तो दाणा किंचित पिवळसर दिसतो आणि तांदूळ धुताना बरेचदा वर तरंगतो. तरंगला की तो 'प्लास्टिकचा तांदूळ' ठरतो. मी स्वतः एका शाळेत सुपात वेचून बाजूला काढलेले असे ओंजळभर दाणे पाहिलेत. दोन ताई सकाळी पाऊण तास बसून ते निवडायच्या, मुलांच्या काळजीपोटीच. मी त्यांच्यासमोर वीस दाणे वाटीत शिजवले आणि बोटानं चुरून दाखवले. पिठासारखे मऊ झाले. प्लास्टिक शिजून मऊ होत नाही. तुमच्याकडे काय होतं ते एकदा बघा. कारण अंडं न खाणाऱ्या, घरी दूध बेताचंच मिळणाऱ्या मुलासाठी तो वेचून टाकलेला दाणाच बी-12चा आधार असतो. तांदूळ खळखळून चार-पाच पाण्यांत धुऊ नये आणि भात शिजल्यावर पेज ओतून देऊ नये, तेही त्याचसाठी.

आता त्या ओसरीच्या दुसऱ्या टोकाबद्दल. सर, ही गोष्ट मला मेनूपेक्षा जास्त लागली. तुम्ही सोय म्हणून केलंत, वाढायला सोपं जातं, हे मला कळतं. पण आपल्या गावांत कोण अंडं खातं आणि कोण नाही ही केवळ खाण्याची गोष्ट राहत नाही. त्या दोन रांगांकडे पाहून आठ वर्षांचं मूलही कोण कोणत्या घरचं ते सांगू शकतं. एका शाळेत मी असंच बघितलं होतं. चौथीतली एक मुलगी दर वेळी केळ्याच्या रांगेत बसायची. तिच्या घरी अंडी चालत होती, आईनं तसं लिहूनही दिलं होतं. पण तिच्या दोन मैत्रिणी त्या रांगेत होत्या आणि त्यांच्यापासून तुटायचं नव्हतं. ती केळं सोलताना समोरच्या रांगेकडे बघत होती. तिचं वजन वयाच्या मानानं पाच किलो कमी होतं. आम्ही रांगा मोडल्या, सगळी मुलं नेहमीच्या जागी बसली, आणि ताई एका हातात अंड्यांची आणि एका हातात फुटाणे-केळ्यांची टोपली घेऊन फिरायला लागल्या. दुसऱ्याच आठवड्यात त्या मुलीनं अंडं घेतलं, मैत्रिणींच्या मधे बसून.

अंड्याच्या बाबतीत काही घरांना भांड्याचीही अडचण असते. ती खरी मानावी. त्यासाठी अंडी उकडण्याचं एक पातेलं आणि एक झारा कायमचा वेगळा ठेवा. अंडापुलाव करू नका, टरफलासकट अंडं द्या. मूल स्वतः सोलतं, कुणाच्या भाताला ते लागत नाही, आणि एका अंड्याचे दोन भाग करून दोघांना दिल्याची तक्रारही उरत नाही. कोण काय खाणार हे पालकांकडून जूनमध्ये एकदाच लिहून घ्या. दर शुक्रवारी वर्गात हात वर करायला लावू नका.

आता मधुमेहाचा मुलगा. इथे मी तुम्हाला आग्रहानं सांगते. टाइप-1 म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही. ते बाहेरून टोचून घ्यावं लागतं, आणि ते किती घ्यायचं ते जेवणात किती कर्बोदकं आहेत त्यावर ठरतं. 'शुगर आहे, भात बंद' हे मोठ्या माणसांच्या मधुमेहाचं ऐकलेलं सूत्र इथे जसंच्या तसं लागू होत नाही. 100 ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण 28 ग्रॅम कर्बोदकं असतात. 30 ग्रॅम कणकेच्या एका चपातीत वीसच्या आसपास. त्याच्या डब्यात दोन चपात्या येत असतील तर एका लहान वाटीभर भातापेक्षा जास्त कर्बोदकं तो आत्ताच खातोय. प्रश्न भाताचा नसून प्रमाणाचा आहे. शाळेचा पूर्ण वाढा, म्हणजे 100 ग्रॅम कोरड्या तांदळाचा भात, त्याच्यासाठी एका वेळेला बहुधा जास्त होईल. पण रोज एकाच वाटीनं मापून भात, उसळ मात्र दीडपट, आणि भाजी हवी तेवढी, असं बहुतेक मुलांना बसवता येतं. किती वाट्या हे डॉक्टरांनीच ठरवायचं. वडिलांना सांगा की पुढच्या तपासणीला जाताना त्या वाटीचा फोटो आणि आठवड्याचा मेनू सोबत न्या आणि कागदावर लिहून आणा. मी पाहिलेल्या बहुतेक डॉक्टरांनी हे आनंदानं करून दिलंय, कारण त्यांनाही शाळेत काय मिळतं ते माहीत नसतं.

प्रमाणापेक्षाही महत्त्वाची वेळ. इन्सुलिन घेतलेल्या मुलाचं जेवण लांबलं की साखर घसरते. गॅस संपला, ताई उशिरा आल्या, कुणाचं भाषण लांबलं, काहीही झालं तरी त्या मुलाला ठरलेल्या वेळेला खायला मिळालंच पाहिजे. त्याच्यासाठी कपाटात फुटाणे आणि बिस्किटांचा पुडा ठेवा. मूल एकदम घामेजलं, थरथरलं, चिडचिड करायला लागलं किंवा नेहमीच्या मानानं गप्प झालं, तर आधी दोन-तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात कालवून द्या, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. बरं वाटलं की थोडं खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णवाहिका बोलवा. 'याला साखर चालत नाही' म्हणून घसरलेल्या साखरेला साखर न देणारे शिक्षक मी पाहिलेत, त्यांच्या मनात काळजीच होती. म्हणून हे शाळेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवं, ताईंना आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या मित्रालासुद्धा. मधुमेहाच्या या मुलानं उपासही करू नये. श्रावणी सोमवारी बाकीची दोन-चार मुलं करतील, त्यांच्या घरचं आहे, त्यांना दाणे-केळं द्या. पण याच्या घरच्यांशी आधीच बोलून ठेवा.

सिकलसेलच्या मुलीच्या आईची भीती हवेतली नाही. पूर्वी लोहयुक्त तांदळाच्या गोणीवर सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांसाठी इशारा छापलेला असायचा. 2024 मध्ये केंद्रानं तो काढून टाकला, तज्ज्ञांच्या समितीला त्याची गरज वाटली नाही म्हणून. अशा तांदळातलं लोह किती? किलोमागे 28 ते 42.5 मिलिग्रॅम, म्हणजे तिच्या रोजच्या 100 ग्रॅमात तीन-चार मिलिग्रॅम. शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या गुलाबी गोळीत 45 मिलिग्रॅम असतं. म्हणून माझा प्रश्न तांदळाआधी गोळीचा असतो. ती गोळी तिनं घ्यायची की नाही, हे तिच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. तिला वारंवार रक्त चढवावं लागत असेल तर शरीरात लोह साठतं आणि उत्तर वेगळं येईल. कधीच चढवलं नसेल तर तिच्यात लोहाची कमतरताही असू शकते. हे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि इथे बसून मी सांगू नये. डॉक्टर स्पष्ट नाही म्हणेपर्यंत जेवण मात्र बंद करू नका, या मुलींना पोटभर खाण्याची इतरांपेक्षा जास्त गरज असते. आणि पाणी. पाणी कमी पडलं की दुखणं उसळतं. तिची बाटली तासाला हाताशी हवी आणि लघवीला जायची परवानगी मागावी लागू नये. सिकलसेल 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत आहे, त्यामुळे तिच्यासाठी केलेला हा बदल कुणाच्या मर्जीवर सोडायचा नाही, तिचा तो हक्क आहे.

गव्हाबद्दल थोडक्यात. आपल्या योजनेचा पाया तांदूळ असल्यामुळे त्या मुलीला रोजचं जेवण बहुतांश चालेल. लपलेला गहू शोधायचा. बाजारातल्या डब्यातल्या हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, घटकपदार्थ वाचा. तयार मसाले वाचा. बिस्किटं आणि दलिया तिला नको. पण त्याआधी आईला सांगा की निदान झालेलं नसेल तर घरून गहू आपणहून बंद करू नका, आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवून रक्ततपासणी करा. सीलिअॅक नावाचा आजार (यात गव्हामुळे आतड्याला इजा होते) असेल तर गहू थांबवल्यावर केलेली तपासणी फसवी येते आणि मग मुलगी कायमची अधांतरी राहते. आरोग्य तपासणीचं पथक शाळेत येतं तेव्हा या तिघांची नावं त्यांच्या हातात द्या.

हे सगळं लिहून ठेवायला नवीन रजिस्टर नको. चव नोंदवहीच्या (रोजचं जेवण चाखून नोंद करतो त्या वहीच्या) पहिल्या पानावर मुलामागे एक ओळ: मुलाचं नाव, काय टाळायचं, बदल्यात काय, पालकांचा फोन. ती वही आत स्वयंपाकघरात राहू द्या, भिंतीवर लावू नका. मुलांचे आजार गावाला वाचायला नकोत. आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय निघेल तेव्हा स्वयंपाकीताईंना खुर्ची द्या. लहान पातेली कधी काढायची हे त्यांनी सांगावं, तुम्ही नाही. त्यांनी ठरवलेलं टिकतं, हा माझा प्रत्येक शाळेतला अनुभव आहे.

फुटाणे, पातेली, डॉक्टरांचा कागद याला आठ-पंधरा दिवस लागतील. उद्या जेवणाची घंटा झाली की त्या तिसरीतल्या मुलाला त्याचा डबा घेऊन पंगतीत त्याच्या मित्राशेजारी बसवा. भाताचं नंतर ठरेल.